पॉलिहाऊसची माती थकली आहे : नवी माती भरावी की जुनीच सुधारावी?

खेडची बागायतदार

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या पूर्व भागात आमचे २० गुंठ्यांचे, पाच गाळ्यांचे पॉलिहाऊस आहे. उभारणीच्या वेळी मूळच्या काळ्या जमिनीवर बाहेरून आणलेली लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस यांचे मिश्रण टाकून ४५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे केले होते. पहिली तीन वर्षे जरबेरा घेतला आणि त्याचे दर पडल्यावर त्याच वाफ्यांवर सलग तीन हंगाम रंगीत ढोबळी मिरची घेतली. ढोबळीच्या पहिल्या हंगामात १८ टन माल निघाला होता. या वेळी विद्राव्य खतांवर जास्त खर्च करूनही ११ टनांवरच समाधान मानावे लागले.

वाफ्यांच्या कडांवर पांढरा थर धरला आहे आणि नखाने खरवडला की त्याचा मिठासारखा चुरा पडतो. पानांच्या कडा करपतात आणि मातीत ओल असतानाही झाडे दुपारी माना टाकतात. दाराजवळच्या दोन गाळ्यांत तर झाडे गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. त्यांतली काही उपटून पाहिली, तेव्हा मुळांवर लहानमोठ्या गाठी दिसल्या.

माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विद्राव्य क्षारांचे माप) १.९, सेंद्रिय कर्ब ०.८५ टक्के आणि स्फुरद व पालाश दोन्ही ‘अत्यंत जास्त’ आले आहेत. बोअरच्या पाण्याची ईसी १.१ असून अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला २.८ मिलिइक्विव्हॅलंट आहे. प्रयोगशाळेने ईसीसमोर ‘संवेदनशील पिकांस हानिकारक’ असा शेरा मारला आहे आणि त्याच्याच खाली नेहमीची खतमात्रा छापून दिली आहे! पीक फेब्रुवारीअखेर काढले. आता सगळी माती काढून नवी भरावी, की याच मातीतून काही मार्ग निघेल, याविषयी जाणकारांनी सल्ला द्यावा.

जुना जरबेरावाला

ताई, आमच्याकडे हीच वेळ आली होती. आम्ही वरची माती काढून नवी लाल माती भरली आणि लागवडीआधी फॉर्मॅलिनची प्रक्रिया केली. पुढचे दोन हंगाम उत्तम गेले. खर्च होतो, हे खरे. पण पॉलिहाऊसवर कर्ज असताना प्रयोग करत बसण्यापेक्षा माती बदललेली बरी, असे माझे मत आहे. उभारणी करून देणाऱ्या बहुतेक कंत्राटदारांचाही हाच सल्ला असतो.

वाफसा

माती बदलण्याचा निर्णय घेण्याआधी तिचे आकारमान मोजावे. २० गुंठ्यांत प्रत्यक्ष वाफ्यांचे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस मीटर धरले, तर ४५ सेंटिमीटर उंचीप्रमाणे ५४० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १९० ब्रास माती बाहेर काढून तेवढीच आत आणावी लागेल. माती हे गौण खनिज असल्यामुळे उत्खननाला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. शिवाय ती कोणाच्या तरी डोंगरउताराची साल सोलूनच येते, आणि आपल्या बोअरचे पाणी तेच राहिले, तर तीही काही वर्षांत याच वाटेने जाते. वर ज्यांना दोन हंगाम चांगले मिळाले, त्यांनी तिसऱ्या हंगामाचेही सांगावे, ही विनंती.

आपल्या मातीत दोन वेगळे आजार एकत्र आले आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. गाठींबद्दल जाणकार लिहितीलच. मी क्षारांविषयी लिहितो.

उघड्या रानात उन्हाळाभर साचलेले क्षार पावसाळ्यात धुऊन खाली जातात. पॉलिहाऊसमधल्या मातीवर सहा वर्षांत पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो. तेथे पाणी फक्त ठिबकने आणि मोजून येते. झाड ते शोषून हवेत सोडते आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. हिशेब करून पाहा. १.१ ईसीच्या एका लिटर पाण्यात सुमारे ७०० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असतात. २,००० चौरस मीटरला दररोज चौरस मीटरमागे ३ लिटर याप्रमाणे ३०० दिवस पाणी दिले, तर १८ लाख लिटर पाणी लागते आणि त्यासोबत साडेबारा क्विंटल क्षार दर हंगामात वाफ्यांत येतात. यात खतांचा एक दाणाही धरलेला नाही. पिकाने न उचललेले सल्फेट आणि क्लोराइड, तसेच कोंबडीखत वापरले असेल तर त्यातले क्षार, हे सगळे त्यावर चढते.

ईसीचा १.९ हा आकडाही दिसतो तेवढा सौम्य नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळा मातीत अडीचपट पाणी मिसळून ईसी मोजतात, पण मुळांना जाणवणारी क्षारता संपृक्त मातीच्या अर्कात (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीतून काढलेल्या द्रवात) मोजतात आणि तो आकडा सहज दुपटीच्या पुढे जातो. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या क्षार सहनशीलतेचे जे कोष्टक मांडले, त्यानुसार संपृक्त अर्काची ईसी १.५ च्या वर गेली की मिरचीचे उत्पादन घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककामागे सुमारे १४ टक्के घट येते. आपल्या मातीची संपृक्त ईसी ४.५ धरली, तर घट ४२ टक्के येते, आणि १८ टनांवरून ११ टन म्हणजे ३९ टक्के. अर्थात गाठींचाही वाटा त्यात असल्यामुळे हा मेळ तंतोतंत मानू नये. पण उत्पादन घटले म्हणून खत वाढवणे याचा या मातीत काय परिणाम झाला असेल, ते यावरून लक्षात येईल.

क्षार बाहेर काढण्याचा मार्ग एकच : निचरा होणाऱ्या मातीतून स्वच्छ पाणी खाली जाऊ देणे. ढोबळ नियम असा, की जितकी मातीची खोली तितकीच पाण्याची उंची दिली, तर सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार धुऊन निघतात. आपल्या वाफ्यांसाठी हे ५ लाख ४० हजार लिटर होतात. एवढे पाणी बोअरचे दिले, तर क्षार धुतले जातील पण सोडियम आणि बायकार्बोनेट मागे बसतील. म्हणून ते पावसाचेच हवे. ते आपल्या डोक्यावरच पडते. २,००० चौरस मीटर छपरावर ६५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १३ लाख लिटर पाणी, आणि गटारांची गळती, बाष्पीभवन वजा जाता ११ लाख लिटर तरी अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात साठवता येते. निम्मे धुण्यासाठी वापरून उरलेले बोअरच्या पाण्यात मिसळले, तर पुढच्या हंगामात येणारे क्षारही जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतील.

धुण्याचे पाणी ठिबकने देऊ नये. ठिबकची ओल गोलाकार पसरते आणि क्षारांना कडेकडे ढकलते. आपल्याला दिसलेला पांढरा थर त्यातूनच आला आहे. रेनपाइपने (बारीक छिद्रांतून तुषार सोडणाऱ्या नळीने) संपूर्ण वाफा भिजवावा, एक दिवस थांबावे, पुन्हा भिजवावा. एकदम पाणी तुंबवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने दिल्यास कमी पाण्यात जास्त क्षार निघतात. सामू आणि पाण्याचा अहवाल पाहता सोडियमचा संशय येतो, म्हणून विनिमयक्षम सोडियमची वेगळी तपासणी करून घ्यावी. ते जास्त निघाले, तर धुण्याआधी जिप्सम मिसळणे आवश्यक आहे, कारण सोडियम चिकटलेल्या चिकणमातीवर नुसते पावसाचे पाणी पडले की मातीचे कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि वाफा दगडासारखा होतो.

धुण्याआधी एक खड्डा मात्र घ्यावाच. लाल मातीखाली काळी जमीन आहे असे आपण लिहिले आहे. त्या दोन थरांच्या सांध्यावर पाणी थांबत असेल, तर वरून कितीही ओतले तरी क्षार तिथेच फिरत राहतील आणि उन्हात पुन्हा वर येतील. अशा वेळी वाफ्यांमधल्या वाटांखाली चर काढून सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मूळ पाहणारा

गाठींविषयी लिहितो. ढोबळी मिरचीच्या मुळांवरील गाठी बहुतेक वेळा मेलॉइडोगायनी प्रजातीच्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या असतात. दाराजवळच्या गाळ्यांत त्या जास्त असणे स्वाभाविक आहे, कारण बाहेरची माती चपलांना, कुदळींना आणि रोपांच्या ट्रेला चिकटून आधी तिथेच येते. ताईंनी उरलेल्या तीन गाळ्यांत प्रादुर्भाव किती आहे, हे आधी ठरवावे.

सूत्रकृमींसाठी मातीचा नमुना रासायनिक तपासणीच्या नमुन्यासारखा सावलीत वाळवून पाठवला, तर तो निरुपयोगी ठरतो. मुळांजवळची १५ ते २० सेंटिमीटर खोलीची ओलसर माती थोड्या मुळांसह प्लास्टिक पिशवीत बंद करून, ऊन न लागू देता, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी लगेच पोहोचवावी. घरीही एक चाचणी करता येते. प्रत्येक गाळ्यातली माती वेगळ्या कुंडीत भरून तीत काकडीचे बी टाकावे आणि साधारण पाच आठवड्यांनी रोप हलकेच उपटून मुळे पाण्यात धुऊन पाहावीत. काकडी सूत्रकृमींना इतकी बळी पडते, की थोडा प्रादुर्भाव असला तरी मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसतात.

फॉर्मॅलिनविषयी माझे मत प्रतिकूल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि बंद पॉलिहाऊसमध्ये ते शिंपडणारा मजूर तोंडाला रुमाल बांधून काम करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. क्षारांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. शिवाय त्याने मातीतले उपयोगी जीवही मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी रोगकारकच परत येतात.

आपल्या हवामानात सर्वांत स्वस्त उपाय उन्हाचा आहे. इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये पारदर्शक प्लास्टिकखाली ओल्या मातीचे निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत मांडली, आणि महाराष्ट्रातले एप्रिल-मे महिने तिच्यासाठी जणू मुद्दाम नेमलेले आहेत. वाफे खणून ढेकळे फोडावीत, पूर्ण भिजवून वाफशावर आणावेत, २५ मायक्रॉनची पारदर्शक फिल्म मातीला घट्ट चिकटेल अशी अंथरून कडा मातीत दाबाव्यात, पॉलिहाऊसचे पडदे बंद करावेत आणि किमान पाच-सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक वापरू नये. ते स्वतः तापते आणि मातीपर्यंत उष्णता कमी पोहोचते. फिल्मखाली ताजे शेणखत किंवा कोबी-मोहरीचा पाला गाडला, तर कुजताना निघणाऱ्या वायूंमुळे परिणाम वाढतो. मात्र ३० सेंटिमीटरच्या खाली उष्णता फारशी जात नाही आणि तिथले सूत्रकृमी पुढे वर येतात, म्हणून उन्हावर सगळा भार टाकू नये.

जपान आणि नेदरलँड्समध्ये विकसित झालेली दुसरी पद्धत प्राणवायूविरहित निर्जंतुकीकरणाची आहे. चौरस मीटरला सुमारे एक किलो गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मातीत मिसळायचा, माती पाण्याने भरायची आणि हवा जाणार नाही अशी फिल्म घालून तीन आठवडे झाकायची. कोंडा कुजताना मातीतला प्राणवायू संपतो, सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि त्यात सूत्रकृमी तसेच मर रोगाची बुरशी यांचा नाश होतो. फिल्म काढल्यावर वाफ्याला आंबूस, गटारासारखा वास आला, तर प्रक्रिया साधली असे समजावे. कोंड्याऐवजी मोलॅसिस वापरा असेही सांगितले जाते. पण त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असल्याने ते सहज मिळत नाही, आणि त्यात पालाश भरपूर असल्यामुळे ताईंच्या मातीत ते नकोच.

कोकोपीट समर्थक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मातीतून बाहेर पडावे. नेदरलँड्सच्या हरितगृहांनी वर्षानुवर्षे माती वाफेने निर्जंतुक करून शेवटी रॉकवूलचा (खडक वितळवून केलेल्या तंतूंच्या माध्यमाचा) मार्ग धरला. आपल्याकडे कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगा सहज मिळतात.

वाफसा

ते खरे आहे. पण स्पेनमधल्या आल्मेरियात तीस हजार हेक्टरांहून अधिक हरितगृहे आहेत आणि त्यांपैकी बहुतांश अजूनही मातीतच पिकवतात : खाली आणलेली चिकणमाती, मध्ये शेणखत आणि वर वाळूचा थर. कोकोपीटमध्ये दिलेल्या पाण्यातले २५ ते ३० टक्के निचऱ्यावाटे सोडावे लागते आणि मातीसारखी चूक पोटात घालणारी क्षमता त्याच्यात नसते. १.१ ईसी आणि एवढे बायकार्बोनेट असलेल्या पाण्यावर कोकोपीट घेणे म्हणजे शुद्धीकरण संयंत्राचा खर्चही अंगावर घेणे आहे. ताईंचा मूळ प्रश्न पाण्याचा आहे आणि तो बॅगेतही सोबत येईल.

खेडची बागायतदार

सर्वांचे आभार. खड्डा घेतला. लाल माती जिथे संपते, तिथे बोटभर जाडीचा चिकट, निळसर-काळपट थर आहे आणि त्याखालची काळी माती कोरडी आहे. म्हणजे पाणी खाली जातच नव्हते. आता चर काढणे भागच आहे.

अडचण अशी, की बँकेचा हप्ता दर सहामाहीला आहे आणि संपूर्ण पॉलिहाऊस चार महिने रिकामे ठेवणे परवडणारे नाही. शेततळ्याला जागा आहे, पण ते या पावसाळ्याआधी होणार नाही. छपराची फिल्म चौथ्या वर्षात आहे, ठिकठिकाणी धुरकट झाली आहे आणि ती यंदा बदलायचीच आहे.

वाफसा

फिल्म बदलायचीच असेल, तर शेततळ्याविनाही या वर्षी काम होते. जुनी फिल्म मेअखेर काढावी आणि नवी ऑगस्टच्या अखेरीस चढवावी. फिल्म धरून ठेवणाऱ्या, प्रोफाइलमधल्या झिगझॅग स्प्रिंगा एरवीही एकदा काढायच्या आणि एकदा बसवायच्याच असतात, त्यामुळे मजुरी फारशी वाढत नाही. उलट पावसाळ्यातल्या वाऱ्यात फिल्म नसलेला सांगाडा अधिक सुरक्षित असतो. एरवी छपरावरून वाहून जाणारा पाऊस मग थेट वाफ्यांवर पडेल. जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी तो वाफ्याच्या खोलीच्या आसपास जातो, आणि थांबूनथांबून पडणारा असल्यामुळे अधिक कामाचा ठरतो. थेंबांच्या माऱ्याने वरचा थर बसू नये म्हणून वाफ्यांवर उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरावा. चर मात्र पहिल्या पावसाआधी पूर्ण व्हायला हवेत, नाहीतर तो निळसर थर आणखी जाड होईल.

हप्त्याचा विचार करता दाराजवळचे दोन गाळे यंदा सुधारणेसाठी घ्यावेत आणि उरलेल्या तीन गाळ्यांत, काकडीच्या चाचणीत मुळे स्वच्छ निघाली तर, झेंडूसारखे कमी भांडवलाचे पीक घ्यावे. फ्रेंच झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात, त्यामुळे बेवडही चांगला राहतो. फक्त दोन्ही भागांची अवजारे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात.

आता मार्च आहे. उन्हाची प्रक्रिया एप्रिलच्या मध्यापासून करायची, तर मधल्या काळात दोन गाळ्यांत दाट चाऱ्याची ज्वारी पेरून, कापून बाहेर काढावी. वाफ्यांत साचलेले नायट्रेट पावसाबरोबर आपल्याच बोअरकडे जाण्याआधी त्यातले थोडे तरी ज्वारी उचलते. मात्र हा चारा जनावरांना नुसता घालू नये. अशा जमिनीतल्या ज्वारीत नायट्रेट साठते आणि कोवळ्या ज्वारीची विषबाधा आपल्याला ठाऊक आहेच. तो कंपोस्ट खड्ड्यात टाकून अन्य शेतात वापरणे सुरक्षित.

मूळ पाहणारा

त्यात एक भर घालतो. छपराची फिल्म काढलेली असताना जूनच्या अखेरीस वाफ्यांवर ताग पेरावा आणि फुलोऱ्याच्या आधी, साधारण दीड महिन्याने, गाडावा. पेरणीपुरते पाचट बाजूला करावे. ताग उगवून आला की मातीला आच्छादन मिळतेच. तागावर गाठी करणारे सूत्रकृमी वाढत नाहीत आणि त्याची मुळे वाफा भुसभुशीत करतात. त्याच्या मुळांवरही गाठी दिसतील, पण त्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या असतात. बोटाने चोळल्यावर त्या सुटून येतात आणि आत गुलाबी रंग दिसतो. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असल्याने ती सुटत नाही. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याने या गोंधळात उत्तम ताग उपटून जाळला होता.

ताग गाडल्यावर किमान तीन आठवडे लागवड करू नये. त्यानंतर निंबोळी पेंड आणि शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा व पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी वाफ्यांत मिसळावी. जैविक बुरशी उन्हाच्या प्रक्रियेआधी टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

खेडची बागायतदार

हे क्रमाने करता येईल असे वाटते. शेवटचा प्रश्न खतांचा आहे. स्फुरद आणि पालाश ‘अत्यंत जास्त’ असताना लागवडीनंतर नेहमीची १९:१९:१९ आणि १२:६१:०० (नत्र:स्फुरद:पालाश) ही खते सुरू करावीत का?

वाफसा

१२:६१:०० अजिबात नको आणि १९:१९:१९ ही नको. पावसाने नायट्रेट, क्लोराइड आणि सोडियमचा बराच भाग धुतला जाईल, पण स्फुरद मातीला धरून राहतो. त्याचा साठा पुढचे काही हंगाम पुरेल. जास्तीचा स्फुरद जस्त आणि लोहाचे शोषण अडवतो, म्हणून नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर नत्र वाढवण्याऐवजी चिलेटेड लोह आणि जस्त द्यावे. सुरुवात कॅल्शियम नायट्रेटने करावी आणि फळधारणेनंतर पुन्हा माती तपासून गरज असेल तरच १३:००:४५ द्यावे. पांढरा पोटॅश नकोच, त्यातले क्लोराइड आपण एवढ्या कष्टाने बाहेर काढलेले असेल. बोअरचे पाणी देताना बायकार्बोनेट उदासीन करण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरणार असाल, तर त्यातले नत्र खताच्या हिशेबात धरावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे, आणि हातमोजे व चष्मा घालूनच ते हाताळावे.

खिशातला साधा ईसी मीटर घ्यावा. दर पंधरवड्याला वाफ्याच्या मध्यातून आणि कडेतून वेगवेगळी माती घेऊन, एका वाटी मातीत दोन वाट्या पावसाचे किंवा शुद्ध पाणी ढवळून, थोडा वेळ थांबून मोजावे. या पद्धतीचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहू नये. तो फक्त आपल्याच मागच्या आकड्यांशी ताडायचा आहे. मध्यभागाचा आकडा सलग दोन वेळा चढला, तर पुढच्या फेरीत खत न घालता नुसते पाणी सोडावे. कडेचा चढला आणि मध्यभागाचा स्थिर असला, तर ठिबकच्या नळ्यांमधले अंतर जास्त आहे, असे समजून एक जादा नळी टाकावी.